तोंडी उंची

जुहू आणि पार्ल्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या जुन्या मंडळींना १९७२ सालच्या सप्टेंबरमधली एक सकाळ पक्की आठवते, फक्त ती प्रत्येकाला वेगळी आठवते. माझ्या आत्याच्या गोष्टीत विमान गच्चीवर वाळत घातलेल्या तिच्या साडीला घासून गेलं होतं. शेजारच्या वहिनींच्या गोष्टीत ते थेट एस. व्ही. रोडवर येऊन उभं राहिलं आणि दूधवाला सायकल टाकून पळाला. मामांचं म्हणणं, पायलटला झोप लागली होती. गणपती नुकतेच गेले होते, पितृपक्ष लागला होता आणि रविवार होता, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत. पितृपक्षात असंच व्हायचं, हे आत्याचं निदान.

या गोष्टीत दुरुस्त्या करण्याचा अधिकार घरात एकालाच होता. थोरले काका, आमचे अण्णा, सांताक्रूझच्या विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये होते. त्यांच्या हुद्द्याचं नाव त्या काळी ‘एरोड्रोम ऑफिसर’ असं होतं, त्यामुळे निम्म्या नातेवाइकांची समजूत होती की विमानतळ हेच चालवतात आणि मनात आणलं तर तिकीटही काढून देतील. त्या सकाळी आपण ड्यूटीवर नव्हतो, हे अण्णा आधी सांगून टाकत. मग आत्याची साडी तशीच उडू देत. रस्ता आणि झोप मात्र खोडून काढत.

घडलं होतं ते असं. २४ सप्टेंबर १९७२. लंडनहून टोकियोकडे निघालेलं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सकाळी सांताक्रूझला उतरायचं होतं. समुद्रावरून पूर्वेकडे येताना सांताक्रूझच्या आधी जुहूचा जुना विमानतळ लागतो आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ एकच. पायलट डोळ्यांनी बघून उतरत होता. समोर धावपट्टी दिसली, तो उतरला. ती जुहूची निघाली. सव्वा किलोमीटरसुद्धा न भरणारी, छोट्या विमानांसाठी आणि फ्लाइंग क्लबसाठी राहिलेली. डीसी-८ ती संपवून पुढे घसरत गेलं. विमान कायमचं निकामी झालं, पण माणूस एकही दगावला नाही.

ही चूक पहिलीही नव्हती. १९५३ साली बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं जगातलं सगळ्यात नवलाचं जेट, असंच सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं होतं. ते धडपणे थांबलं, आणि काही दिवसांनी हलकं करून तिथूनच उडवून नेलं. अण्णांच्या वरिष्ठांनी ती गोष्ट त्यांना सांगितलेली. जपानी विमानाची बातमी कानावर आली तेव्हा ऑफिसातल्या म्हाताऱ्या मंडळींना फारसं आश्चर्य वाटलं नाही म्हणे.

मी शाळेत असताना अण्णांना विचारलं होतं, की खालून कुणी ओरडून कसं सांगितलं नाही. अण्णांनी उत्तराऐवजी प्रश्न टाकला. “पायलट सांगतो, रनवे दिसतोय. टॉवरमधला म्हणतो, ठीक, उतर. दोघंही खरं बोलतायत. आता त्याला कुठला रनवे दिसतोय हे टॉवरमधल्याने कशावरून ओळखायचं?”

मला उत्तर आलं नाही. पण अण्णांचं काम काय असतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडंफार समजलं. तोवर मी समजत होतो की ते काचेच्या खोलीतून दुर्बिणीने विमानं बघतात.

जुहूला विमानं उतरू लागली तेव्हा ओळखण्या-बिळखण्याचा प्रश्नच नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आले, ते पुस मॉथ जातीचं इवलंसं विमान होतं आणि त्यात रेडिओ नव्हता. बोलायचं कुणाशी? पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जाई, तेव्हा हा सगळा कारभार पुण्याला हलत असे. आभाळात एका वेळी एक विमान असलं की संभाषणाची गरज पडत नाही. दुसरं आलं की पडते.

दुसरं, तिसरं आणि चौथं विमान एकदम आलेलं पाहिलेले गृहस्थ अण्णांच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. अण्णांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, डकोटा विमानांवर रेडिओ ऑफिसर म्हणून नोकरी केलेले. तरुणपणी ते रात्रीच्या टपालविमानांवर होते. ही सेवा १९४९ च्या जानेवारीत सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाची पोती घेऊन निघे. चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमत, पोत्यांची अदलाबदल होई, आणि उजाडायच्या आत जो तो आपापल्या गावी परत. संध्याकाळी गिरगावात टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. नानांना या व्यवस्थेचा अभिमान होता आणि तो ते लपवत नसत.

रंगत यायची ती मात्र नागपूरच्या आभाळाबद्दल बोलताना. चार दिशांनी चार डकोटा एकाच दिव्यांच्या रांगेकडे येतायत. खाली रडार नाही. काळोख, क्वचित ढग. कोण किती उंचीवर आहे हे नागपूरच्या माणसाला कळायचं एकच साधन, ते म्हणजे त्या-त्या विमानातला रेडिओ ऑफिसर काय सांगतो ते.

“मी सांगितलं पाच हजार फूट,” नाना म्हणायचे, “की नागपूरसाठी मी पाच हजारांवर. मी खोटं सांगितलं असतं तरी पाच हजारांवरच.”

“आणि चुकून सांगितलंत तर?” असं अण्णा हटकून विचारत.

“तरीही पाच हजारांवरच. म्हणून तर चुकायचं नाही.”

नानांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडली. डकोटात त्यांची जागा कॅप्टनच्या मागे. समोर रेडिओचे खोके, कानाला हेडफोन, आधी मोर्सची किल्ली आणि पुढे माइक. खालून आलेला निरोप कॅप्टनच्या कानावर घालायचा, कॅप्टन सांगेल ते खाली कळवायचं. विमान मात्र कॅप्टनच्या हातात. “मला सगळं ऐकू यायचं आणि माझ्या हातात काही नसायचं,” असं ते म्हणत, आणि ती तक्रार नसे. नोकरीचं वर्णन असे. लांब पल्ल्याचे रेडिओ सोपे झाले तसे रेडिओ ऑफिसर विमानांतून उतरवले गेले. पायलट स्वतःच बोलू लागले. नाना जमिनीवर आले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. मोर्स गेला तरी त्याची काही अक्षरं राहिली. हवेच्या दाबाचा आकडा विचारताना पायलट आजही ‘क्यूएनएच’ म्हणतात. ही तीन अक्षरं मोर्सच्या काळातली. उंचीमापकात तो आकडा चुकीचा भरला तर काटा चुकीची उंची दाखवतो, म्हणजे उंचीचा पायासुद्धा पुन्हा कुणीतरी तोंडाने सांगितलेल्या आकड्यावरच.

अण्णांचं शिक्षण अलाहाबादजवळच्या बमरौलीला झालं. देशभरातले कंट्रोलर तिथेच घडत. तिथे त्यांनी जे अंगात मुरवून घेतलं ते कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर होतं. स्ट्रिप म्हणत तिला. एका विमानाची एक स्ट्रिप: वर कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, मग विमानाचा प्रकार, मार्ग, कुठल्या ठिकाणावर किती वाजता येईल त्याचा अंदाज आणि उंची. नवी उंची दिली की जुनी खोडायची. पायलटने पोचल्याचं सांगितलं की खूण करायची. या पट्ट्या समोरच्या उभ्या फळीवर वेळेप्रमाणे लावायच्या आणि त्यांच्याकडे बघत डोक्यात आभाळ उभं करायचं. रडार आलं तरी फळी हटली नाही, कारण सुरुवातीच्या रडारवर फक्त ठिपका दिसे. विमानावर आदळून परत आलेली लहर एवढंच सांगते, की इथे काहीतरी आहे. ते किती उंच आहे, कोण आहे, हे तिला माहीत नसतं. त्यासाठी विमानातल्या ट्रान्सपाँडरने स्वतःची ओळख आणि उंची आपणहून पाठवावी लागते आणि ती वाचणारं दुसऱ्या प्रकारचं रडार खाली असावं लागतं. ते येईपर्यंत उंची तोंडीच.

तोंडी व्यवहार पक्का करायची एक रीत आहे. कंट्रोलरने आज्ञा द्यायची, पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणायची, आणि कंट्रोलरने ते परत म्हणणं लक्ष देऊन ऐकायचं. पहिल्या दोन पायऱ्या कुणीही पार पाडतो. अण्णांच्या मते सगळा धोका तिसरीत होता. “रीडबॅक ऐकताना माणूस आपलाच आवाज ऐकत असतो,” ते म्हणत. जे सांगितलं तेच परत येणार अशी कानाची खात्री झालेली असते. चुकीचा आकडा आला तरी कान तो दुरुस्त करून आत घेतो. काकूंचं यावर म्हणणं असं, की घरात यांना तीनदा सांगितलेलंसुद्धा ऐकू येत नाही, हे काय दुसऱ्यांचं ऐकणार.

पण ऐकत असावेत. बदलीवर एका दुसऱ्या विमानतळावर असताना त्यांच्या हाताखाली एकाच वेळी दोन विमानं होती, आणि दोघांच्या कॉलसाइनमध्ये तेच तीन आकडे, फक्त क्रम उलटसुलट. अण्णांनी एकाला खाली यायला सांगितलं. रीडबॅक आलं, उंची अगदी बरोबर. कॉलसाइन घाईत अर्धवट गिळलेलं. स्ट्रिपवर खूण करता करता अण्णांचा हात थांबला, कारण मघाशी या विमानातून बोलणारा तरुण होता आणि आता उत्तर देणारा आवाज वयस्क होता. त्यांनी दोघांनाही पूर्ण कॉलसाइन घेऊन पुन्हा विचारलं. भलतंच विमान खाली यायला निघालं होतं. त्याच्या खाली त्या वेळी कुणी नव्हतं, त्यामुळे गोष्ट तिथेच संपते. अण्णा ती सांगताना स्वतःची हुशारी सांगत नसत, त्या म्हाताऱ्या पायलटच्या खरखरीत आवाजाचे आभार मानत.

सत्तरच्या दशकात सहा-सात महिन्यांच्या अंतराने दोन अपघात झाले, त्यांबद्दल नाना-अण्णांचं बोलणं मी लहानपणी दारामागून ऐकलेलं आहे. पहिला झाग्रेबचा. १० सप्टेंबर १९७६. लंडनहून इस्तंबूलला जाणारं ब्रिटिश ट्रायडंट तेहेतीस हजार फुटांवर, आणि स्प्लिटहून कोलोनला निघालेलं युगोस्लाव्ह डीसी-९ खालून वर चढत चाललेलं. झाग्रेबच्या कंट्रोलरला, ग्रादिमिर तासिचला, शेवटच्या क्षणी कळलं की ही दोन एकमेकांना छेदणार. मदतनीस जागेवर नव्हता, कामाचा ढीग पडला होता. घाबरून तो इंग्रजी सोडून मायबोलीत बोलला आणि डीसी-९ ला आहे त्या उंचीवर थांबायला सांगितलं. ते चढणं थांबवून स्थिर झालं ते नेमकं तेहेतीस हजारांवर. फ्रिक्वेन्सी तीच होती, पण काय चाललंय हे इंग्रज पायलटांना समजण्याची सोय नव्हती. १७६ माणसं गेली. खटला चालला आणि शिक्षा झाली ती एकट्या तासिचला, सात वर्षांची. देशोदेशीच्या कंट्रोलरांनी अर्ज-विनंत्या केल्या तेव्हा दोनेक वर्षांनी सुटला. अण्णांच्या ऑफिसात या शिक्षेची चर्चा अपघातापेक्षा जास्त झाली. ते स्वाभाविकच होतं; त्यांच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी मदतनिसाविना खुर्ची सांभाळलेली होती.

दुसरा टेनेरिफचा, २७ मार्च १९७७. तो सर्वांना ठाऊक आहे, ५८३ मृत्यूंमुळे. धुक्यात एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅमची दोन जंबो. केएलएमच्या कॅप्टनला वाटलं उड्डाणाची परवानगी मिळाली. मिळालेली होती ती फक्त उडाल्यानंतरच्या मार्गाची. अण्णांना त्यातला एकच तपशील छळत असे. टॉवरने ‘थांब, मी बोलावतो’ असं सांगितलं आणि त्याच क्षणी पॅन अ‍ॅमने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं सांगितलं. दोघंही योग्य तेच बोलले. पण या रेडिओवर दोघं एकदम बोलले की दोघांचे शब्द एकमेकांना खातात आणि ऐकणाऱ्याच्या कानात नुसती शिट्टी उरते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ती शिट्टी पोचली. फ्लाइट इंजिनिअरला शंका आली, त्याने विचारलं, की ते पॅन अ‍ॅम बाजूला झालं नाही का? कॅप्टन ठामपणे ‘हो’ म्हणाला. तिथे रेडिओवर सगळे इंग्रजीच बोलत होते, हेही अण्णा जोडत.

हे वाक्य त्यांना पुढे १९९६ साली खूप वेळा म्हणावं लागलं.

१२ नोव्हेंबर १९९६ ला अण्णा निवृत्त होऊन थोडे महिने झाले होते. रात्रीपासून जुन्या सहकाऱ्यांचे फोन सुरू झाले. दिल्लीच्या पश्चिमेला, हरियाणात चरखी दादरीजवळ, संध्याकाळी सहा चाळीसच्या सुमाराला दोन विमानांची हवेत टक्कर झाली होती. दिल्लीहून धहरानला निघालेलं सौदियाचं जंबो आणि चिमकेंटहून दिल्लीला येणारं कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन-७६. जंबोत ३१२ माणसं, त्यांत आखातात कामाला निघालेले भारतीय मोठ्या संख्येने. इल्युशिनमध्ये ३७, बरेचसे दिल्लीत खरेदीला येणारे किरगिझ व्यापारी. ३४९ पैकी कुणीही उरलं नाही. हवेत विमानांच्या टकरीत इतकी माणसं आधी कधी गेली नव्हती आणि नंतरही गेलेली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक जण एकच सांगू लागला: त्या रशियनांना इंग्रजी येत नव्हतं. पेपरांनी तेच लिहिलं, नाक्यावर तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. संभाषणाची नोंद वर्तमानपत्रांत छापून आली तेव्हा अण्णांनी ती कात्री लावून कापून ठेवली आणि नानांना बोलावलं. मी त्या दुपारी तिथे होतो. अण्णांनी दिल्लीचा कंट्रोलर व्हायचं, नानांनी इल्युशिन. दोन म्हातारी माणसं टीपॉयवर कात्रणं मांडून नाटकाची तालीम करावी तसे आपापले संवाद म्हणत होती.

दिल्लीच्या पश्चिमेचं बरंचसं आभाळ हवाई दलाकडे. प्रवासी विमानांना येण्या-जाण्यासाठी मिळून एकच वाट होती. त्यामुळे समोरासमोर येणारी विमानं हा रोजचा मामला, फक्त त्यांच्यामध्ये हजार फुटांचं अंतर राखायचं. अप्रोचचे कंट्रोलर व्ही. के. दत्ता यांनी इल्युशिनला पंधरा हजारांवर उतरायला सांगितलं होतं, सौदियाला चौदा हजारांवर थांबवलं होतं. सौदियाने आणखी वर जायची परवानगी मागितली. त्यांनी चौदावरच राहा म्हणून सांगितलं, सौदियाने तसं परत म्हटलं. इल्युशिनने आपण पंधरा हजारांवर पोचल्याचं कळवलं. दत्तांनी त्याला तिथेच राहायला सांगून समोरून सौदियाचं बोइंग येतंय, दिसलं की सांग, असं म्हटलं. इल्युशिनने विचारलं, किती मैलांवर? चौदा. मग तेरा, आणि ते एकशे चाळीस लेव्हलला, म्हणजे चौदा हजारांवर, आहे. नानांनी इल्युशिनचं शेवटचं वाक्य त्याच्या फ्लाइट नंबरासकट वाचलं, की बघतोय, १९०७.

“आता सांगा नाना,” अण्णा म्हणाले, “यात कुठला शब्द समजला नाही?”

नाना बराच वेळ कात्रण बघत राहिले. त्यांना एक शंका होती. एकशे चाळीस हा आकडा त्या कॉकपिटमध्ये दुसऱ्याच्या विमानाचा म्हणून आला, तो कुणी आपला समजलं असेल का? अण्णांनी मान हलवली. विमान त्याच्या आधीपासूनच उतरत होतं. पंधरा हजारांवर पोचलो असं ज्याने सांगितलं त्याचं विमान तिथे थांबलंच नव्हतं.

दत्तांसमोरच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते. त्यात वावगं काही नव्हतं, रोजच सरकत. उंची दाखवणारं नवं रडार दिल्लीला अजून वापरात आलेलं नव्हतं. १९९६ साल होतं, देशाची राजधानी होती, आणि इल्युशिनची उंची दिल्लीला जशी ठाऊक होती ती पद्धत नानांच्या नागपूरच्या रात्रींपेक्षा वेगळी नव्हती. त्या भागातून उतरणाऱ्या अमेरिकन हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाच्या पायलटने ढगात नारिंगी उजेड फाकलेला पाहिला आणि दिल्लीला कळवलं. दत्ता दोन्ही विमानांना पुन्हा पुन्हा हाका घालत होते.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत पुढे कॉकपिटमधलं बोलणं बाहेर आलं. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे इल्युशिनवर पाच जणांचा ताफा होता आणि दिल्लीशी बोलणारा एकच, रेडिओ ऑपरेटर येगोर रेप. हे वाचून नानांनी चष्मा काढून ठेवला. त्यांना वाटत होतं ती नोकरी जगातून केव्हाच संपली. रेपच्या समोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. बघायचाच तर पायलटांच्या खांद्यावरून वाकून बघायचा. पायलट घडले होते ते मीटरच्या हिशोबात, दिल्ली बोलत होती फुटांत. शेवटच्या काही सेकंदांत कॅप्टन विचारतो, आपल्याला लेव्हल कुठली दिली होती? रेप सांगतो, दीडशे, खाली जाऊ नका, एकशे चाळीसवर तो दुसरा आहे. म्हणजे दिल्लीचं बोलणं रेपला समजलं होतं, अडलं ते त्याच्या खुर्चीपासून कॅप्टनच्या खुर्चीपर्यंतच्या हातभर अंतरात. घाईघाईने इंजिनांना जोर दिला गेला, विमान किंचित वर उचललं गेलं आणि त्याच्या शेपटाने जंबोचा डावा पंख कापला. वर उचललं नसतं तर ते बहुधा खालून निघून गेलं असतं.

आयोगाने दोष इल्युशिनच्या ताफ्यावर ठेवला, कंट्रोलरवर नाही. त्यानंतर जे झालं ते आधीच व्हायला हवं होतं, असं अण्णा उघड बोलत आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या खात्यालाही वगळत नसत. येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. उंची वाचणारं रडार कामाला लागलं. विमानांमध्ये टीकॅस सक्तीचं करणाऱ्या पहिल्या देशांत भारत आला. हे यंत्र शेजारच्या विमानातल्या यंत्राशी परस्पर बोलतं आणि टक्कर दिसली तर एकाला वर, दुसऱ्याला खाली जायला सांगतं. पायलट-कंट्रोलरांच्या इंग्रजीची जागतिक परीक्षाही २००८ पासून लागू झाली. अण्णा परीक्षेच्या विरुद्ध नव्हते. ‘लोकांना वाटतं रोग तोच होता’ एवढंच ते म्हणत.

टीकॅसवर मात्र त्यांचा भरवसा होता, तो १ जुलै २००२ च्या रात्री डळमळला. जर्मनीत युबर्लिंगेनवर एक रशियन टुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग आदळलं. दोघांकडेही टीकॅस होतं आणि दोन्ही यंत्रं चालू होती. टुपोलेव्हच्या यंत्राने वर जा म्हटलं. त्याच वेळी झुरिचच्या कंट्रोलरने खाली जा म्हटलं. तो बिचारा रात्री एकटा दोन-दोन पडदे सांभाळत होता, टेलिफोनची लाइन दुरुस्तीसाठी बंद. टुपोलेव्हने माणसाचं ऐकलं. बोइंगने यंत्राचं ऐकलं, तेही खालीच आलं. ७१ जण गेले, त्यात सुट्टीला निघालेली शाळकरी मुलं पुष्कळ. दीड वर्ष उलटून गेल्यावर, आपलं सगळं कुटुंब त्यात गमावलेल्या एका माणसाने त्या कंट्रोलरला त्याच्या घरी जाऊन ठार मारलं. ही बातमी अण्णांनी वाचून दाखवली नाही, पेपर नानांकडे सरकवला. यंत्र आणि कंट्रोलर उलटसुलट सांगत असतील तर यंत्राचं ऐकायचं, हे पुढे निःसंदिग्धपणे ठरवलं गेलं.

मुंबईहून पश्चिमेला अरबी समुद्रावर दूरवर रडार पोचत नाही. तिथली विमानं वर्षानुवर्षं एचएफ रेडिओवर आपली जागा सांगत आली, आणि पावसाळ्यात ढगांच्या गडगडाटात अर्धे आकडे वाहून जात. आता तिथे डेटालिंक आहे. कंट्रोलर आज्ञा टाइप करतो, ती उपग्रहावरून कॉकपिटमधल्या पडद्यावर उमटते आणि ‘समजलं, तसं करतो’ या अर्थाचं एक बटण दाबून पायलट ती स्वीकारतो. खरखर नाही, शिट्टी नाही, आकडा अर्धा गिळला जाण्याची भीती नाही. अण्णा जुन्या ऑफिसात जाऊन हे बघून आले तेव्हा हरखलेले होते आणि नानांपुढे त्यांनी त्याचं इतकं कौतुक केलं, की शेवटी नाना वैतागले.

“ते बटण दाबतो कोण?” नानांनी विचारलं.

“दोघांपैकी एक पायलट.”

“आणि दुसऱ्याने वाचलेलं असतं?”

“वाचायचं असतं. दोघांनी बघून मग दाबायचं, असा दंडक आहे.”

“पण वाचलंय की नाही, हे तुम्हाला खाली कसं कळतं?”

अण्णा थोडे थांबले. “बटणावरून नाही कळत. शंका आली तर रेडिओवर बोलवायचं.”

“आणि शंका कशावरून येणार?” नाना म्हणाले. अण्णांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं, आणि नाना नागपूरच्या गोष्टीकडे वळले, जी आम्हा सगळ्यांना पाठ होती.